पाच मिनिटांच्या डावाला रेटिंग कशाला?

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच दिवशी दोन परिपत्रकं येऊन पडतात. एक दादरच्या हॉलचं: रविवार, नऊ फेऱ्या, ३+२, फिडे रेटेड ब्लिट्झ. दुसरं बोरिवलीचं: तोच रविवार, तेवढ्याच फेऱ्या, तोच वेळ, फी कमी, फक्त 'रेटेड' हा शब्द नाही. मग कोणीतरी फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, संकेतस्थळावर मुलाचं पान उघडतं. तिथे तीन रकाने असतात: लांब, मध्यम आणि झटपट डावांमधल्या ताकदीचे आकडे, म्हणजे रेटिंग. स्टँडर्ड १५१२, रॅपिड १४६७, आणि ब्लिट्झपुढे 'नॉट रेटेड'. हा तिसरा रकाना भरायचा की नाही?

बुद्धिबळवाल्यांचंही यावर एकमत नाही. जुन्या खेळाडूंना वाटतं, ब्लिट्झ म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चहाचा ग्लास बाजूला ठेवून खेळायची गंमत, तिला कसला आलाय हिशेब! नव्या पिढीला वाटतं, ज्याची जागतिक स्पर्धा दरवर्षी होते त्याचा हिशेब नको कसा? आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ब्लिट्झला रेटिंग हवंच, आणि आज मिळतं त्यापेक्षा जास्त स्पर्धांना मिळायला हवं. मात्र हॉलची तयारी नसेल तर तिथे नको. हे का, ते समजायला आधी आकड्यांची थोडी तोंडओळख लागेल.

ब्लिट्झ म्हणजे नेमकी किती मिनिटं

फिडेचं गणित साधं आहे. घड्याळात सुरुवातीला दिलेली मिनिटं घ्या आणि प्रत्येक चालीला मिळणारी वाढीव सेकंदं साठ चालींसाठी मोजून त्यात मिळवा. या वाढीव सेकंदांना इन्क्रिमेंट म्हणतात. बेरीज दहा मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर ब्लिट्झ. दहाच्या वर पण साठच्या आत आली तर रॅपिड.

३+२ म्हणजे तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद. साठ चालींचे १२० सेकंद धरले की बेरीज पाच मिनिटं. ५+० चीही पाचच. १०+० अगदी काठावर, पण ब्लिट्झच. १०+५ ची बेरीज मात्र पंधरा होते, म्हणजे ते रॅपिड, परिपत्रकावर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असो.

रेटिंग म्हणजे ताटातले वीस गुण

रेटिंग हे परीक्षेतल्या मार्कांसारखं वाटतं, पण तो खरं तर एक अंदाज आहे. अर्पाद इलो या अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन वंशाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ही पद्धत बसवली आणि फिडेने १९७० मध्ये ती स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधला फरक कळला की कोणाला किती गुण मिळावेत याचा अंदाज बांधता येतो. फरक शून्य असेल तर अर्धा-अर्धा. फरक २०० असेल तर वरच्याने शंभर डावांत ७६ गुण मिळवावेत, खालच्याने २४.

आता पटाशेजारी एक ताट ठेवलंय असं समजा. प्रत्येक डावाला दोघांनी मिळून त्यात २० गुण टाकायचे. बरोबरीचे असाल तर दहा-दहा. १७०० चा खेळाडू १५०० वाल्याशी बसला तर पहिल्याने १५.२ टाकायचे, दुसऱ्याने ४.८. जो जिंकेल तो ताट उचलेल. म्हणजे १५०० वाला जिंकला तर त्याची कमाई १५.२, आणि १७०० वाला जिंकला तर फक्त ४.८. डाव बरोबरीत सुटला तर ताट अर्धं-अर्धं, त्यात लहान्याचा ५.२ गुणांचा फायदा. मजबूत खेळाडू नवख्याशी खेळायला का कचरतात, ते या ताटात दिसतं.

ब्लिट्झ आणि रॅपिडमध्ये हे ताट सगळ्यांना सारखंच, वीसचं. क्लासिकलमध्ये, ज्याला फिडे स्टँडर्ड म्हणते, ते माणसागणिक बदलतं. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या मुलामुलींसाठी ४०, बहुतेक मोठ्यांसाठी २०, आणि एकदा २४०० ला पोचलेल्यांसाठी १०. याच्याकडे पुन्हा यायचंय.

आणखी एक गोष्ट पालकांना उशिरा कळते. बिनरेटिंगच्या प्रतिस्पर्ध्याशी झालेला डाव रेटिंग असलेल्याच्या हिशेबात धरत नाहीत. नऊ फेऱ्यांत चार जण बिनरेटिंगचे समोर आले, तर मोजले जाणारे डाव पाचच.

"घाईत चुकाच जास्त, मग मोजायचं काय?"

हा सर्वात जुना आक्षेप, आणि दिसतो तितका भक्कम नाही. रेटिंग चालींचा दर्जा मोजतच नाही, निकाल मोजतं. मुंबईकराला कांगा लीगची आठवण करून दिली की पुरे. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाते. तिथे चेंडू कसाही उसळतो, चांगले चांगले फलंदाज वीस धावांत गारद होतात. म्हणून त्या धावा खोट्या ठरत नाहीत, स्कोअरबुकात व्यवस्थित लिहिल्या जातात. फक्त त्या रणजीच्या सरासरीत कोणी मिळवत नाही.

ब्लिट्झ हा निव्वळ नशिबाचा खेळ असता तर वर दरवेळी नवी नावं आली असती. तसं होत नाही. मॅग्नस कार्लसनने ब्लिट्झचं जागतिक विजेतेपद २००९ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा मिळवलं आणि २०२४ पर्यंत आठ वेळा. आठवं त्याने न्यूयॉर्कमध्ये ३१ डिसेंबरला इयान नेपोम्नियाशीबरोबर वाटून घेतलं, कारण फायनल काही केल्या सुटेना. नागपूरच्या दिव्या देशमुखने जून २०२५ मध्ये लंडनच्या सांघिक स्पर्धेत महिलांमधल्या अव्वल मानांकित हौ यिफानला हरवलं तोही ब्लिट्झचाच डाव होता, आणि पुढच्याच महिन्यात तिने क्लासिकलचा महिला विश्वचषक जिंकला. दोन कौशल्यं वेगळी असली तरी एकमेकांना अगदी परकी नाहीत.

नशिबाचा वाटा मात्र आहे, आणि तो मोजता येतो. समजा हॉलमध्ये शंभर खेळाडू आहेत, सगळे अगदी एकाच ताकदीचे, आणि एकही बरोबरी होत नाही. प्रत्येक डाव म्हणजे नाणेफेक. नऊ फेऱ्यांत सहा किंवा जास्त डाव जिंकण्याची शक्यता ५१२ पैकी १३०, म्हणजे साधारण चौघांत एक. सहा विजय म्हणजे अपेक्षेपेक्षा दीड गुण जास्त, गुणिले वीस, म्हणजे ३० रेटिंग. थोडक्यात, कोणाचाही खेळ तसूभर न बदलता पंचवीसेक जण ३० किंवा जास्त गुण कमावून घरी जातील आणि तितकेच गमावून. तेव्हा एका रविवारी ४० गुण गेले म्हणून कोच बदलायला निघू नये.

गंमत अशी की हाच हिशेब मुलांच्या क्लासिकल रेटिंगला लावला तर हेलकावा दुप्पट येतो, कारण तिथलं ताट चाळीसचं. त्याला कोणी बेभरवशाचं म्हणत नाही!

भाजीचा तराजू आणि सोनाराचा काटा

ब्लिट्झचं रेटिंग आज अनेकांच्या बाबतीत खरंच चुकीचं असतं. पण त्याचं कारण घाई नव्हे, ते फार क्वचित मोजलं जातं. भाजीवाल्याचा तराजू सोनाराच्या काट्याइतका नाजूक नसतो, पण त्यावर दिवसाला दोनशे वेळा वजन होतं, त्यामुळे खोट असली तरी लगेच लक्षात येते. मुंबईतला मुलगा वर्षातून एखादी रेटेड ब्लिट्झ खेळतो. मधल्या काळात तो दोनशे गुणांनी सुधारलेला असतो आणि आकडा मागच्या मे महिन्यातलाच. पुढच्या स्पर्धेत त्याच्याकडून हरणारा चाळिशीतला बँक कर्मचारी हकनाक बारा-पंधरा गुण घालवून बसतो. ताटातले गुण बाहेरून येत नाहीत. मुंबईतल्या मुंबईत फिरतात, आणि सुधारणारी मुलं ते मोठ्यांकडून उचलत राहतात.

यावर उपाय एकच, मोजणी वाढवायची. नऊ क्लासिकल डावांना चार-पाच दिवस लागतात, पालकाची रजा जाते. ३+२ चे नऊ डाव जेवणापूर्वी आटोपतात: डावाला दहा-बारा मिनिटं, निकाल आणि पुढची जोडी लागायला सात-आठ, म्हणजे एकूण तीन तास.

"यात क्लासिकलचं रेटिंग बिघडेल"

बिघडत नाही. २०१२ पासून तिन्ही रेटिंगच्या वह्या वेगळ्या आहेत. ग्रँडमास्टर किंवा इंटरनॅशनल मास्टर किताबासाठी लागणारे नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाच्या कामगिरीच्या नोंदी, ब्लिट्झमधून मिळत नाहीत. दोन वह्यांमध्ये एकच खिडकी आहे. ज्याला ब्लिट्झ रेटिंग नाही पण स्टँडर्ड आहे, त्याची ब्लिट्झची सुरुवात स्टँडर्डच्या आकड्यावरून होते.

ज्याच्याकडे काहीच नाही त्याला पहिल्या रेटिंगसाठी रेटिंगवाल्यांशी किमान पाच डाव लागतात. मार्च २०२४ पासून त्यात १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी झाली असं धरतात. समजा मुलीने सरासरी १५०० च्या पाच जणांविरुद्ध दोन गुण मिळवले. काल्पनिक दोघे धरून सरासरी १५८६ होते, गुण सातपैकी तीन, आणि तक्त्याप्रमाणे रेटिंग येतं १५३५ च्या आसपास. जुन्या पद्धतीने ते १४२८ आलं असतं. नव्या नियमाने १४०० च्या खाली रेटिंग उरलेलंच नाही, त्यामुळे हा फरक मुलांना जाणवण्याइतका आहे.

खरा प्रश्न: हॉलमध्ये डोळे किती?

क्लासिकलमध्ये खेळाडू प्रत्येक चाल लिहितो. वाद झाला की पंच कागद बघतो. ब्लिट्झमध्ये लिहायची सक्ती नाही, त्यामुळे पुरावा म्हणजे पट, घड्याळ आणि बघणारा माणूस. नियमपुस्तक दोन परिस्थिती मानतं. एका डावाला एक पंच आणि चालींची नोंद असेल तर जवळपास क्लासिकलचेच नियम लागतात. जागतिक स्पर्धेच्या फायनलला हे परवडतं, दादरच्या हॉलला नाही. आपल्याकडे लागतात ते अपुऱ्या देखरेखीचे नियम, आणि त्यातलं एक कलम प्रत्येक पालकाने वाचावं असं आहे. प्रतिस्पर्ध्याने अवैध चाल केली, आपण ती हेरली नाही आणि पुढची चाल खेळलो, पंचानेही पाहिली नाही, तर ती चाल पटावर कायम राहते. राजा शहात असताना दुसरीच सोंगटी हलवलेली असली तरी.

हेरली तर काय करायचं? आपली चाल न खेळता घड्याळ मधल्या बटणाने थांबवायचं आणि पंचांना हाक मारायची. पहिल्या चुकीला आपल्याला एक मिनिट वाढवून मिळतं, रॅपिडमध्ये दोन. दुसऱ्या चुकीला डाव आपला. मुलं हमखास घोळ घालतात तो इथे. "इल्लीगल, इल्लीगल!" असं ओरडतात, पण घड्याळ चालूच, आणि पंच येईपर्यंत स्वतःचेच वीस सेकंद जळतात. काही जण तर सरळ राजाच उचलतात. राजा मारणं ही चाल नियमांत नाहीच.

अवैध चालीत काय काय येतं, तेही बघून ठेवा. किल्लेकोट करताना एका हाताने राजा, दुसऱ्याने हत्ती हलवून घड्याळ दाबलं, तर ती अवैध चाल. प्यादं शेवटच्या घरात ढकलून तसंच ठेवून घड्याळ दाबलं, तरी अवैध, आणि त्या जागी वजीर बसतो. वजीर हाताशी नाही म्हणून हत्ती उलटा ठेवला तर तो हत्तीच धरला जातो. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागायचा हक्क आहे, पण चार सेकंद उरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला हे सुचत नाही. प्रत्येक पटाशेजारी दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर ठेवला की यातले निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत. खर्च किरकोळ, तरी किती ठिकाणी ठेवतात?

आता पंचांची अडचण. साठ पट आणि तीन पंच, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वीस. हे वीस डाव एकाच क्षणी सुरू होतात, म्हणून धुमश्चक्रीही एकदमच उसळते, आठव्या मिनिटापासून अकराव्यापर्यंत. सात पटांवर दोघांकडे दहा सेकंदं, सोंगट्या पडतायत, आणि पंच एकाच पटावर वाकलेला. दहा पटांमागे एक पंच यापेक्षा कमी असतील तर त्या स्पर्धेला रेटिंग देऊ नये, असं आम्हाला वाटतं. हा फिडेचा नियम नव्हे, आमचा अंदाज.

निकाल नोंदवतानाही गोंधळ होतो. साठ पट गुणिले नऊ फेऱ्या म्हणजे ५४० निकाल, तेही तीन तासांत. पांढऱ्याचा विजय काळ्याच्या नावावर पडायला एक क्लिक पुरतो, आणि तो तसाच वर गेला तर दोन माणसांचं रेटिंग चुकतं. दोघांच्या सहीची चिठ्ठी घ्यावी, आणि खेळाडूंनी पुढची जोडी लागण्याआधी आपला निकाल यादीत बघावा.

५+० नको, ३+२ च हवं

दोन्हींची बेरीज पाचच, पण शेवट वेगळा. ५+० मध्ये राजा-हत्ती विरुद्ध राजा-हत्ती अशी सरळ बरोबरीची स्थिती आली, आणि एकाकडे आठ सेकंद, दुसऱ्याकडे चार, तर पुढचा खेळ बुद्धीचा उरत नाही, हाताचा होतो. क्लासिकलमध्ये इन्क्रिमेंट नसेल तर 'समोरचा जिंकायचा प्रयत्नच करत नाहीये' असं सांगून बरोबरी मागायची सोय, आधी जाहीर केलेली असेल तर, मिळते. ब्लिट्झला ती लागू नाही. वेळ संपली की डाव गेला. अपवाद एवढाच, की समोरच्याकडे मात करता येईल असं काही उरलेलंच नसेल, उदाहरणार्थ नुसता राजा, तर बरोबरी. दोन सेकंदांची भर असली की हत्तीचा शेवट निदान खेळता तरी येतो. म्हणून रेटेड ब्लिट्झ असेल तर इन्क्रिमेंटचंच, आणि त्यासाठी प्रत्येक पटावर डिजिटल घड्याळ.

रेटिंग नसलं की बक्षिसं कोण नेतं?

या बाजूचा विचार फारसा होत नाही. आपल्याकडे बक्षिसं '१८०० च्या आतले', '१६०० च्या आतले' अशा गटांत वाटतात. स्पर्धा रेटेड नसेल तर जिंकूनही कोणाचा आकडा हलत नाही. मग एखादा १५८० वाला, ज्याची ब्लिट्झमधली ताकद १८५० ची आहे, दर महिन्याला त्याच गटाचं पाकीट घेऊन जातो. त्यात त्याची लबाडीही नसते, आकडाच गोठलेला असतो. रेटेड स्पर्धेत दोन-तीन पाकिटांनंतर तो आपोआप वरच्या गटात सरकतो. मुद्दाम हरून रेटिंग पाडणारेही असतात, शेवटच्या फेरीत 'समजुतीने' खेळणारेही. रेटिंगने ते बंद होत नाही. पण प्रत्येक निकाल नावानिशी नोंदला गेला की सवयीचा भिडू ओळखू येतो.

"मुलांवर आणखी एक ओझं"

हे खरं आहे, म्हणून सगळंच रेटेड नको. सोसायटीच्या गणपतीतली स्पर्धा, सात वर्षांखालची मुलं, एका मिनिटाचे बुलेट डाव, जोडीने खेळायचे प्रकार, यांना आकड्यापासून लांबच ठेवावं.

"ऑनलाइन रेटिंग आहेच की"

ते वेगळ्या मापाचं आहे. लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नवा खेळाडू १५०० पासून सुरू करतो आणि तिथलं गणित इलोचं नाही, ग्लिको-२ नावाचं आहे. शिवाय माऊसने प्रतिस्पर्ध्याच्या आधीच चाल लावून ठेवता येते, अवैध चाल पडद्यावर होतच नाही, आणि घड्याळ आपोआप दाबलं जातं. खऱ्या पटावर प्रत्येक चालीमागे हात पटावरून घड्याळापर्यंत जाऊन येतो. ऑनलाइन १९०० वाला हॉलमध्ये पहिल्यांदा बसतो तेव्हा तीन-चार डाव तर घड्याळ दाबायला विसरूनच हरतो.

परिपत्रक हातात आल्यावर

रेटेड स्पर्धा फिडेकडे आधीच नोंदवावी लागते, त्यामुळे नाव फिडेच्या संकेतस्थळावर दिसायला हवं. परवानाधारक मुख्य पंचाचं नाव परिपत्रकात असावं. खेळाडूची अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडची नोंदणी आणि फिडे क्रमांक लागतो, तो आदल्या रात्री काढायचा विचार करू नका. बक्षिसांचे गट कोणत्या रेटिंगवर, स्टँडर्ड की ब्लिट्झ, हे लिहिलेलं नसेल तर फी भरण्याआधी विचारा. बक्षीस समारंभातली भांडणं बहुतेक याच एका ओळीवरून होतात. नवा आकडा पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या यादीत येतो.

आणि रविवारचा मेगाब्लॉक बघून निघा. ३+२ चं घड्याळ ३ मिनिटं २ सेकंदांवर लावतात. पहिली फेरी वेळेवर सुरू झाली आणि तुम्ही कुर्ल्याला थांबलेल्या लोकलमध्ये असाल, तर हॉलच्या दाराशी पोचेपर्यंत तो डाव गेलेला असतो.